छातीतली थोडीशी हवा

छातीला मुका मार लागून बरगडी मोडली, की तिचे धारदार टोक आत घुसून फुफ्फुसाला इजा करू शकते. त्या जखमेतून हवा झिरपते आणि फुफ्फुस व छातीची भिंत यांच्यामध्ये साचते. यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. बरगडी मोडलीच पाहिजे असेही नाही. धडकेच्या क्षणी माणूस श्वास रोखून धरतो, छाती दाबली जाते, आतला दाब एकदम वाढतो आणि फुफ्फुसातले नाजूक वायुकोश फाटतात. लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असल्यामुळे त्यांच्यात एकही बरगडी न मोडता असे घडलेले दिसते. दुचाकीचे अपघात, झाडावरून किंवा परांचीवरून पडणे, चाकूने भोसकणे, बैलाने शिंग मारणे ही या दुखापतीची नेहमीची कारणे.

फुफ्फुसावर एक आणि छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला एक असे दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये एरवी जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. पाण्याने ओल्या झालेल्या दोन काचा एकमेकींवर सहज सरकतात, पण ओढून सुट्या करायला जड जातात. या पडद्यांचे तसेच आहे. फुफ्फुसाचा कल सतत आकसण्याकडे आणि पिंजऱ्याचा बाहेर फाकण्याकडे असतो. या ओढाताणीमुळे मधल्या जागेतला दाब शांतपणे श्वास सोडल्यानंतरसुद्धा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याइतका कमी राहतो. तिथे हवा शिरली की पडद्यांची पकड सुटते आणि फुफ्फुस आकसू लागते. किती आकसेल, हे किती हवा शिरली आणि छिद्र उघडे राहिले की मिटले, यावर ठरते.

छिद्राच्या तोंडाशी झडप तयार झाली, तर हवा आत जाते पण परत येत नाही. प्रत्येक श्वासागणिक दाब वाढतो, हृदय आणि मोठ्या शिरा दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. हा ताणाचा न्यूमोथोरॅक्स. त्याचे निदान रुग्णाकडे पाहून करायचे असते. एक्स-रेची वाट पाहणे धोक्याचे. वाढत जाणारी धाप, एका बाजूचा श्वासाचा आवाज नाहीसा होणे, घसरणारा रक्तदाब एवढ्यावर छातीतली हवा तातडीने सुईने किंवा छेद घेऊन मोकळी करावी लागते. या प्रकाराबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते दुसऱ्या टोकाबद्दल. छातीत थोडीशीच हवा आहे, रुग्ण बोलतो आहे, धाप नाही, रक्तदाब ठीक आहे. मग छातीला छेद घेऊन नळी टाकायची, की नुसते लक्ष ठेवायचे?

हा प्रश्न तसा अलीकडचा. न्यूमोथोरॅक्स हे नाव १८०३ मध्ये फ्रेंच वैद्य इटार याने दिले आणि स्टेथोस्कोपचा जनक लेनेक याने १८१९ च्या ग्रंथात त्याची लक्षणे नीट मांडली. त्या काळी कानाला आणि बोटांना कळेल एवढी हवा साचली, तरच निदान होत असे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर डोळ्यांना दिसेल एवढी हवा कळू लागली. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ते अपघातग्रस्तांच्या तपासणीत रुळले, तेव्हा एक्स-रेवर अजिबात न दिसणारी हवाही दिसू लागली. अशा हवेला डॉक्टर छुपा न्यूमोथोरॅक्स म्हणतात. तो पूर्वीही होत असणारच. कुणाला न कळता जिरून बराही होत असणार. यंत्र सूक्ष्म झाले तसे रुग्ण वाढले. पण उपचाराची सवय जुनीच राहिली: छातीत हवा दिसली, की नळी टाका.

एक्स-रेतून ही हवा निसटते याचे कारण तो काढण्याच्या पद्धतीत आहे. उभ्या माणसाच्या छातीतली हवा वर, गळपट्टीच्या हाडाकडे जाते आणि फुफ्फुसाची बारीक पांढरी कड व तिच्यापलीकडचा रिकामा काळा पट्टा सहज दिसतो. अपघातातल्या रुग्णाला मात्र पाठीचा मणका दुखावला असेल या शंकेने सपाट झोपवलेले असते. झोपलेल्या माणसात हवा पुढच्या बाजूला, छातीच्या हाडाजवळ आणि खाली श्वासपटलाच्या (डायफ्रॅमच्या) दिशेने साचते. वरून काढलेल्या एक्स-रेत तिच्यामागे फुगलेले फुफ्फुस असतेच, त्यामुळे कड दिसतच नाही. बरगड्यांच्या खालचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसणे ही एक खूण आहे. १९८० मध्ये तिचे वर्णन झाले. पण ती दिसायला सराव हवा, आणि गर्दीच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता काढलेला एक्स-रे शांतपणे न्याहाळायला वेळ कुणाला असतो?

सोनोग्राफीने ही अडचण बरीच कमी केली. हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, म्हणून फुफ्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असेच अनेक वर्षे शिकवले जात होते. ही समजूत आधी मोडली ती घोड्यांच्या डॉक्टरांनी. १९८६ मध्ये रँटानेन या पशुवैद्याने घोड्याच्या छातीत हवा शिरल्यावर फुफ्फुसाची सरक दिसेनाशी होते असे नोंदवले. माणसांच्या बाबतीत ते काम फ्रान्समधल्या डॅनिएल लिख्टेनश्टाइन यांनी १९९५ मध्ये केले. दोन बरगड्यांच्या मधोमध यंत्राचा प्रोब टेकवला, की पडद्यांची एक चकचकीत रेघ दिसते. निरोगी माणसात श्वासाबरोबर ही रेघ मागेपुढे सरकते. मध्ये हवा आली की आतला पडदा दिसतच नाही आणि रेघ स्थिर राहते. जिथे सरक संपते आणि स्थिर भाग सुरू होतो, तो बिंदू सापडला तर निदान जवळजवळ पक्के होते. पोटातला रक्तस्राव शोधण्याची फास्ट नावाची तपासणी कॅज्युअल्टीत आधीपासून होती. २००४ च्या सुमारास कॅनडातल्या डॉक्टरांनी तिच्यात छातीची भर घातली आणि ई-फास्ट रूढ झाले.

कोक्रेन संस्थेने २०२० मध्ये यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. अपघातग्रस्तांमध्ये सोनोग्राफी १०० पैकी ९१ न्यूमोथोरॅक्स पकडते आणि झोपवून काढलेला एक्स-रे फक्त ४७, असे त्यात आढळले. तरीही सोनोग्राफी चकवू शकते. ज्याला पूर्वी क्षयरोग होऊन फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले आहे, त्याच्यात हवा नसतानाही रेघ सरकत नाही. आपल्याकडे क्षयरोग इतका पसरलेला असताना ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी चुकून एकाच फुफ्फुसात गेली, तर दुसऱ्या बाजूची सरक थांबते. भारतात आणखी एक अडथळा कायद्याचा आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे आणि त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, ते कुठे आणि कुणी वापरायचे याची बंधने आहेत. त्यामागचे कारण रास्तच आहे. पण कॅज्युअल्टीच्या खाटेशी यंत्र आणून दोन मिनिटांत छाती पाहणे जेवढे सोपे असायला हवे, तेवढे त्यामुळे राहत नाही.

हवा सापडली, आता ती लहान म्हणायची की मोठी? एक्स-रेवरून अंदाज करणे फसवे असते. फुफ्फुस हा त्रिमितीय अवयव असल्यामुळे त्याच्या कडेने दिसणारे अंतर थोडे वाढले, तरी हवेचे आकारमान बरेच वाढलेले असते. कडेपासून २ सेंटिमीटर अंतर म्हणजे त्या बाजूची जवळजवळ निम्मी छाती. सीटी स्कॅनवर मोजमाप अधिक विश्वासाचे असते. जिथे हवेचा थर सर्वांत जाड दिसतो, तिथे छातीच्या भिंतीपासून आतल्या फुफ्फुसापर्यंत काटकोनात सरळ रेघ आखायची. ती ३५ मिलिमीटरच्या आत असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर नळीवाचून निभावण्याची शक्यता भरपूर. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकीच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ मिलिमीटरच्या आतल्या रुग्णांपैकी १०० मागे सुमारे ९० जण नुसत्या निरीक्षणावर घरी गेले. मुका मार असो वा भोसकल्याची जखम, हा आकडा दोन्हींत उपयोगी ठरला. मात्र या रेघेवर आंधळी श्रद्धा ठेवण्यात अर्थ नाही. २० मिलिमीटर हवा असलेल्या, पण धापा टाकणाऱ्या दम्याच्या वृद्धाला नळी लागू शकते आणि ३० मिलिमीटर असूनही तरणाबांड पहिलवान मजेत गप्पा मारत असतो.

नळीबद्दलचा खरा वाद व्हेंटिलेटरभोवती होता. माणूस स्वतः श्वास घेतो तेव्हा हवा ओढली जाते. व्हेंटिलेटर ती दाबाने आत ढकलतो. फुफ्फुसाला छिद्र असेल तर तोच दाब हवा छातीच्या पोकळीत रेटेल, ही भीती रास्त होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीने तिला दुजोरा दिला: नळी न टाकलेल्या २१ रुग्णांपैकी ८ जणांची हवा व्हेंटिलेटरवर वाढली आणि ३ जणांत ताणाचा न्यूमोथोरॅक्स झाला. १९९९ मधल्या दुसऱ्या, तेवढ्याच छोट्या चाचणीत मात्र नळी टाकलेले आणि न टाकलेले यांत फरक आढळला नाही. दोन चाचण्या, दोन उत्तरे; मग जो जसे शिकला होता तसे तो करत राहिला. बहुतेकांनी नळी टाकली, कारण टाकलेल्या नळीचा जाब कुणी विचारत नाही, न टाकलेल्या नळीचा विचारतात.

पुढे मोठे अभ्यास झाले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या १६ ट्रॉमा केंद्रांनी मिळून छुप्या न्यूमोथोरॅक्सच्या ५६९ रुग्णांची माहिती गोळा केली. ज्यांना सुरुवातीला नळी न टाकता नजरेखाली ठेवले, त्यांच्यापैकी केवळ ६ टक्क्यांना नंतर ती टाकावी लागली. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. निरीक्षणाखालच्या एकाही रुग्णात ताणाचा न्यूमोथोरॅक्स झाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ईस्ट या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने स्थिर रुग्णातला छुपा न्यूमोथोरॅक्स, व्हेंटिलेटर असला तरी, निरीक्षणाखाली ठेवायला हरकत नाही अशी शिफारस केली.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपुरता प्रश्न कॅनडातल्या डॉक्टरांनी मुद्दाम चिठ्ठ्या टाकून तपासला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात ९० रुग्ण होते. श्वासाचा त्रास, मृत्यू, आयसीयूतले दिवस यांत दोन्ही गट सारखेच निघाले. निरीक्षणाखालच्या दर पाचांतल्या एकाला नंतर नळी लागली, पण त्यातल्या बहुतेकांना ती साचलेल्या रक्तपाण्यासाठी लागली, हवा वाढली म्हणून नव्हे. दुसऱ्या बाजूला, नळी टाकलेल्यांपैकी १५ टक्क्यांना तिच्यामुळेच काही ना काही इजा किंवा गुंतागुंत झाली आणि आणखी १५ टक्क्यांची नळी जागेवर बसली नव्हती. एक इशाराही त्यात होता: ज्यांना व्हेंटिलेटर दीर्घकाळ लागला, त्यांच्यात निरीक्षण फसण्याचे प्रमाण तिप्पट होते, आणि एकाला ताणाचा न्यूमोथोरॅक्स झाला. त्या रुग्णाला तातडीने नळी टाकावी लागली. म्हणजे तासाभराच्या शस्त्रक्रियेपुरता व्हेंटिलेटर आणि आठवडाभराचा व्हेंटिलेटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नळी हा काही किरकोळ उपाय नाही. काखेखाली, बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीतून ती आत सरकवतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, म्हणून छेद खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत घ्यावा लागतो. बोट आत घालून वाट मोकळी असल्याची खात्री न करता नळी रेटली, तर ती फुफ्फुसात, आणि जागा खाली चुकली तर यकृतात किंवा प्लीहेत घुसू शकते. बाहेरचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवून ठेवतात, म्हणजे हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते पण परत आत जात नाही. वॉर्डात तिला आयसीडी म्हणतात. ती लागलेला माणूस दुखण्याने खोल श्वास घ्यायला घाबरतो, बाटली उचलून चालतो आणि संसर्गाचा धोका घेऊन तीन-चार दिवस जास्त रुग्णालयात राहतो. खरेच नळीची गरज असेल आणि आत फक्त हवाच असेल, तर जाड नळीऐवजी १४ फ्रेंच मापाची, डुकराच्या शेपटीसारखी वळलेली बारीक नळी पुरते. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या २०१४ च्या एका चाचणीत ती तेवढीच परिणामकारक आणि बरीच कमी वेदनादायक ठरली.

निरीक्षण म्हणजे दुर्लक्ष नव्हे. रुग्णाला साधारण एक दिवस रुग्णालयात ठेवतात. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, नाडी आणि रक्तदाब ठरावीक वेळाने पाहतात. सहा तासांच्या सुमारास पुन्हा एक्स-रे काढतात. मणक्याची इजा नाही असे ठरले असेल तर बसवून काढतात, म्हणजे तो अधिक खरा येतो. हवा वाढली नाही, त्रास नाही, तर बहुधा दुसऱ्या दिवशी घरी. पुन्हा पुन्हा सीटी करण्याची गरज नसते. या काळात सर्वांत महत्त्वाचा उपचार हवेचा नसून दुखण्याचा असतो. मोडलेल्या बरगडीमुळे माणूस उथळ श्वास घेतो, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. साठी ओलांडलेल्यांत हा धोका हवेपेक्षा मोठा असतो. म्हणून पुरेशी वेदनाशामके, गरज पडल्यास मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, आणि तीन लहान चेंडू असलेल्या प्लास्टिकच्या यंत्राने दीर्घ श्वासाचा व्यायाम. छातीला घट्ट पट्टा बांधण्याची जुनी पद्धत अजून गावोगावी दिसते. तिने बरे वाटते, पण श्वास आणखी उथळ होतो, त्यामुळे ती टाळणेच योग्य.

कुठे राहून निरीक्षण करायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात पुस्तकाबाहेरचा आहे. शहरातल्या ट्रॉमा केंद्रात रात्री कधीही सर्जन येऊन पाच मिनिटांत नळी टाकू शकतो, म्हणून तिथे थांबणे परवडते. ग्रामीण रुग्णालयातून १०८ च्या रुग्णवाहिकेने घाटरस्त्याने दोन-तीन तासांवरच्या शहरात पाठवायच्या रुग्णाला, त्यातून श्वासनलिकेत नळी घालून पाठवायचे असेल तर, निघण्यापूर्वी छातीत नळी टाकणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. गाडीच्या आवाजात स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही आणि वाटेत मदत नसते. परदेशी अभ्यासांचे निष्कर्ष उचलताना ते ट्रॉमा केंद्रांतल्या रुग्णांवरचे आहेत, हे विसरून चालत नाही.

दुसरी मोडलेली हाडे बसवण्यासाठी भूल द्यायची असेल, तर भूलतज्ज्ञाला छातीतल्या हवेची कल्पना आधी द्यावी लागते. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, रक्तात नायट्रोजनपेक्षा सुमारे ३४ पट अधिक विरघळतो. छातीतला नायट्रोजन बाहेर पडण्याआधीच तो आत भरतो आणि हवेचा फुगवटा दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला तो देत नाहीत.

साचलेली हवा आपोआप जिरते. छिद्र मिटले असेल, तर पडद्यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या ती शोषून घेतात. वेग मात्र मंद: दिवसाला त्या बाजूच्या छातीच्या आकारमानाच्या सव्वा ते दोन टक्के. दहा टक्के हवा जिरायला पाच ते आठ दिवस जातात. ऑक्सिजन दिल्यास रक्तातला नायट्रोजन कमी होतो, छातीतला नायट्रोजन रक्ताकडे वेगाने ओढला जातो आणि हा वेग सुमारे चौपट होतो, असे १९७१ मधल्या एका अभ्यासात दिसले होते. पण ऑक्सिजनची पातळी चांगली असलेल्या प्रत्येक रुग्णाला केवळ यासाठी मास्क लावून ठेवण्याइतका भक्कम आधार अपघाताच्या रुग्णांमध्ये नाही.

घरी जाताना रुग्णाला सांगायच्या गोष्टी थोड्या पण नेमक्या आहेत. धाप वाढली, छातीत नव्याने कळ आली, ताप आला तर लगेच परत यायचे. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक्स-रे काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री करायची. तोवर जड ओझी उचलायची नाहीत आणि विडी-सिगारेट बंद ठेवायची. विमानप्रवासाबद्दल मात्र बरेच जण विचारायचे विसरतात. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण ८,००० फुटांवरच्या डोंगराइतका असतो. कमी दाबात हवा फुगते, त्यामुळे छातीत अडकलेल्या हवेचे आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने वाढू शकते. हवा पूर्ण गेल्याचे एक्स-रेवर दिसल्यानंतर एक ते दोन आठवडे थांबून मगच विमानात बसावे. अपघातानंतर घाईने आखाती देशातल्या नोकरीवर परतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

पाण्याखाली दाब उलट दिशेने काम करतो. खोल गेल्यावर हवा दबते आणि वर येताना फुगते, म्हणून वर येतानाचा क्षण धोक्याचा. मालवण-तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांकडून आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. छातीला मार लागल्याचा इतिहास त्यात लपवू नये. अपघाताने झालेला न्यूमोथोरॅक्स पूर्ण बरा झाला असेल, तर डायव्हिंग कायमचे बंद होतेच असे नाही. मात्र त्याआधी छातीचे सीटी स्कॅन आणि श्वासाच्या क्षमतेची तपासणी करून, डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी लागते.